नेट सारखं तुटतंय? राउटर बंद-चालू करण्याआधी काय बघायचं

पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं सोपं. त्रास देतं ते मधूनच जाणारं आणि दोन मिनिटांत आपोआप परत येणारं नेट. लाइनमन येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट काढतो, शंभरच्या प्लॅनला शंभर दिसले की जिना उतरतो, आणि रात्री साडेनऊच्या मीटिंगला आवाज पुन्हा तुटायला लागतो.

अशा वेळी घरातलं कुणीतरी राउटरचं बटण बंद-चालू करतं. नेट येतंही, पण दोष शोधायचा पुरावा त्या एका बटणानं पुसला जातो. घरगुती राउटरमधला लॉग, म्हणजे घटनांची नोंद, बहुधा तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज गेली की तो कोरा होतो. त्यामुळे पहिला आग्रह हाच, की नेट तुटल्यावर बटणाला हात लावण्याआधी दोन मिनिटं राउटरचं पान उघडून बघा.

तीन घड्याळं

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक राउटरचं पान उघडतं. पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. आत 'स्टेटस' पानावर तीन कालावधी शोधा. राउटर किती वेळ चालू आहे, फायबरची किंवा वॅन पोर्टची (बाहेरून नेट येणाऱ्या खाचेची) लिंक किती वेळ टिकून आहे, आणि इंटरनेटचं सेशन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी झालेली जोडणी, किती वेळ चालू आहे. काही राउटर लिंकची वेळ दाखवत नाहीत. तिथे लॉगमध्ये 'लिंक डाउन', 'लिंक अप' अशा ओळी शोधायच्या.

नेट तुटून परत आलं की यातलं कुठलं घड्याळ शून्यापासून सुरू झालं ते बघा. राउटरचंच घड्याळ शून्यावर आलं असेल तर दोष विजेत, ॲडॉप्टरमध्ये किंवा उष्णतेत आहे, क्वचित फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये. राउटर आठ दिवस चालू आहे पण लिंक पाच मिनिटांपूर्वीची, तर वायर, कनेक्टर किंवा गच्चीवरचा स्विच (घराघरांत नेट वाटणारा डबा). लिंक शाबूत आणि सेशन मात्र नवं, तर लॉगिन, सेटिंग किंवा कंपनीकडचा सर्व्हर. आणि तिन्ही घड्याळं न थांबता चालू असतील, तर लाइन तुटलेलीच नाही. दोष वायफाय, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा गर्दीत शोधायचा.

फायबरचा डबा म्हणजे ओएनटी वेगळा आणि तुमचा राउटर वेगळा असेल तर एक फसगत होते. राउटरची वॅन वायर ओएनटीपर्यंतच जाते. बाहेर फायबर तुटली तरी ही अर्ध्या मीटरची वायर शाबूत असते आणि राउटर 'लिंक चालू' म्हणत राहतो. तेव्हा लिंकचं खरं घड्याळ ओएनटीच्या पानावर बघायचं.

लॉग वाचण्याआधी राउटरचा टाइमझोन अधिक ५:३० वर आहे ना ते पाहा, नाहीतर रात्री दहाची घटना दुपारी साडेचारची दिसते. शिवाय घरगुती राउटरला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे सुरू होताना त्याची तारीख बऱ्याचदा १ जानेवारी १९७० असते आणि नेट आल्यावर ती दुरुस्त होते. लॉगमध्ये १९७० च्या ओळी दिसल्या, तर त्या क्षणी राउटर रीबूट झाला होता हे पक्कं.

तीन खिडक्यांत पिंग

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडा. वायफायवरून केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण भिंतीमुळे तुटलं की लाइनमुळे हे कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. पहिलीत राउटरचा पत्ता, दुसरीत कंपनीकडचा पहिला टप्पा, तिसरीत गूगलचा ८.८.८.८. प्रत्येक पत्त्याला 'पिंग' कमांड 'वजा टी' (ping -t) लावून चालू ठेवा म्हणजे ती थांबणार नाही. मॅक आणि लिनक्सवर पिंग तशीही थांबत नाही. दुसरा पत्ता मिळवायला वाटेतले टप्पे दाखवणारी 'ट्रेसर्ट' कमांड 'वजा डी'सह (tracert -d) ८.८.८.८ वर चालवा. पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी सहसा कंपनीची. घरात ओएनटी आणि राउटर एकामागे एक असतील तर मात्र तिसरी ओळ घ्यायची. हा टप्पा पिंगला उत्तरच देत नसेल, तर पुढची उत्तर देणारी ओळ घ्या.

संध्याकाळी दोन-तीन तास हे चालू द्या. तिन्ही खिडक्या एकदम अडकल्या तर दोष घरातच, म्हणजे लॅन वायर (लॅपटॉप ते राउटर) किंवा खुद्द राउटर. पहिली नीट आणि उरलेल्या दोन अडकल्या तर तुमची लाइन. पहिल्या दोन नीट आणि फक्त तिसरी अडकली तर कंपनीच्या पुढचं जाळं. तिथे तुमच्या हातात पुरावा देण्यापलीकडे काही नाही, पण हा पुरावा वजनदार असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ट्रेसर्टमध्ये मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले की लोक तो टप्पा बिघडलाय असं ठरवतात. मोठे राउटर पिंगला उत्तर देणं हे खालच्या पायरीचं काम मानतात आणि पुष्कळदा टाळतात. पुढच्या ओळी नीट येत असतील तर मधल्या ताऱ्यांना अर्थ नाही. एका टप्प्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे गळती दिसली, तरच ती खरी.

राउटर स्वतःच रीबूट होत असेल तर

पहिला संशय ॲडॉप्टरवर घ्या. वर्षानुवर्षं चोवीस तास गरम राहून त्यातले कपॅसिटर सुकतात. मल्टिमीटरवर, काही न जोडता, तो १२ व्होल्ट छान दाखवतो. राउटरनं भार ओढला की क्षणभर व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर रीबूट होतो. त्यामुळे रिकाम्या ॲडॉप्टरच्या मापावर विश्वास न ठेवता दुसरा ॲडॉप्टर लावून दोन दिवस बघा. व्होल्टेज अगदी तेच हवं, ॲम्पिअर तितके किंवा जास्त चालतात, ध्रुव डब्यावरच्या चित्राप्रमाणे. पिन बहुधा साडेपाच मिलिमीटर जाडीची असते, पण आतलं भोक कुठे २.१ तर कुठे २.५ मिलिमीटर असतं. सैल बसली तर नवा त्रास सुरू होतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाताना जुना ॲडॉप्टर सोबत न्या आणि दुकानातच पिन लावून बघा.

दुसरं, इन्व्हर्टर. वीज गेल्यावर दिवे क्षणभरच मिटतात, पण तेवढ्यात राउटर रीबूट होतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. ते यूपीएसवर ठेवलं की बदल लवकर होतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे राउटरचा छोटा डीसी यूपीएस. त्याची क्षमता बघताना फसू नका. ८८०० एमएएच हा आकडा सहसा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. ओएनटी आणि राउटर मिळून १५ वॉट घेत असतील तर हिशेबानं दोन तास, प्रत्यक्षात पावणेदोन धरा.

तिसरं, उष्णता. नव्या इमारतींमध्ये ओएनटीसाठी भिंतीत पत्र्याच्या झाकणाची पेटी देतात आणि सगळे डबे तिच्यात एकावर एक कोंबले जातात. घरगुती उपकरणं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. एप्रिलच्या दुपारी पुण्यात बाहेरच पारा तिथवर जातो, बंद पेटीत तर विचारायला नको. दुपारी दोन ते पाच या वेळेतच रीबूट होत असेल तर चार दिवस झाकण काढून ठेवा.

फायबर: एक आकडा, एक दिवा

ओएनटीवर 'पॉन' आणि 'एलओएस' असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत असेल तर डबा कंपनीशी नोंदणी करायची धडपड करतोय. एलओएस तांबडा झाला तर प्रकाशच येत नाही. पण अस्थिर लाइनचं उत्तर दिव्यांत नसतं. ते ओएनटीच्या पानावरच्या 'आरएक्स पॉवर' या आकड्यात असतं, म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीत, डीबीएम या एककात.

हा आकडा उणे असतो. जीपॉनच्या (घरगुती फायबरच्या नेहमीच्या पद्धतीच्या) साध्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये काम करता येतं. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २५ च्या पलीकडे गेला की लाइन काठावर आहे. कोरड्या दिवशी चालेल आणि पावसात पडेल. प्रत्येक ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की आकड्याचं गांभीर्य कळतं.

अपेक्षित आकडा किती, याचा हिशेब करता येतो. कंपनीच्या टोकाकडून समजा अधिक ३ निघाला. वाटेत एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारे दोन स्प्लिटर लागले, प्रत्येकी साधारण साडेदहा, म्हणजे २१ डीबी गेले. दोन किलोमीटर फायबर आणि जोड मिळून दीड-दोन. घरी पोहोचला उणे २० च्या आसपास. आता त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजारच्या फ्लॅटचा आकडा विचारा. त्यांचा उणे २० आणि तुमचा उणे २६ असेल तर गडबड तुमच्या मजल्यावरच्या पेटीपासून तुमच्या डब्यापर्यंतच्या तुकड्यात आहे, रस्त्यावर नाही. ही तुलना हातात असली की 'मेन लाइनला प्रॉब्लेम आहे' हे उत्तर चालत नाही.

त्या तुकड्यात बघायचं काय? आधी वाक. साधी फायबर ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नये. घरात वापरतात ती लवचिक जात १ सेंटिमीटरपर्यंत सोसते, पण कुठली आहे हे बाहेरून कळत नाही, तेव्हा वेटोळं आमटीच्या वाटीएवढं मोठं ठेवा. सरकत्या खिडकीच्या चौकटीत दबलेली, दाराच्या बिजागरीत चिमटलेली किंवा जोरात ठोकलेल्या क्लिपखाली चेपलेली फायबर हमखास सापडते.

मग कनेक्टर. हिरवा कनेक्टर म्हणजे टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, निळा म्हणजे सरळ. हिरवा निळ्या खाचेत सहज बसतो, पण काचेला काच टेकत नाही, मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. डब्याच्या तोंडाचा आणि कनेक्टरचा रंग एकच हवा. घरच्या टोकाला बऱ्याचदा हातानं बसवलेला 'फास्ट कनेक्टर' असतो. वायर ओढली गेली की आतली काच केसभर सरकते आणि आकडा ४-५ डीबीनं पडतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला नवा फास्ट कनेक्टर मारण्याऐवजी मशीननं वितळवून जोडलेली पिगटेल (आधीच कनेक्टर बसवलेला फायबरचा तुकडा) लावायला सांगा. असा जोड ०.१ डीबीही खात नाही आणि वर्षानुवर्षं हलत नाही.

फायबरचं टोक उघडं करून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. टोकाला बोट लावू नका आणि शर्टाला पुसू नका. बोटाचा तेलकटपणा आकडा बिघडवायला पुरेसा असतो. एक क्लिकवाला क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद, एवढंच वापरायचं.

आकडा आज एकदा आणि जोरदार पावसात एकदा लिहून ठेवा. दोन्हींत २-३ डीबीचा फरक असेल तर बाहेरच्या एखाद्या जोडपेटीत पाणी जातंय. आकडा एकाच दिवशी सारखा वर-खाली होत असेल तर वायर कुठेतरी लोंबकळतेय. झाडांतून ओढलेली ड्रॉप वायर, म्हणजे बाहेरून घरात येणारी वायर, वाऱ्यानं हलते, शिवाय खारी तिचं आवरण कुरतडतात.

गच्चीवरून येणारी लॅन केबल

पेठांमध्ये आणि जुन्या सोसायट्यांत आजही फायबर गच्चीपर्यंतच येते. तिथे फायबरवरून लॅन वायरीवर आणणारा कन्व्हर्टर आणि स्विच, आणि तिथून डक्टमधून प्रत्येक घरात लॅन केबल. अस्थिर नेटच्या सगळ्यात जास्त जागा या रचनेत आहेत.

एक म्हणजे वीज. फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण गच्चीवरच्या स्विचला लागते आणि ती सोसायटीच्या सामाईक मीटरवरून येते. घरी इन्व्हर्टर असून नेट जातं ते यामुळे. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज बंद असताना नेमकं हेच होत असेल, तर तुमच्या घरात शोधत बसू नका. गच्चीवरच्या पेटीला बॅटरी बसवून घ्या.

दुसरं, केबल आणि पिना. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर त्याआधीच त्रास सुरू होतो. ब्लेडनं तार खरवडा, खाली पांढरट धातू दिसला तर ती मुलाम्याची. पावसाळ्यात गच्चीवरच्या टोकाची पिन काढून उजेडात धरा. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. पुसून काही होत नाही, टोक कापून नवी पिन क्रिंप करा. क्रम डावीकडून, पट्ट्या वर आणि खिट्टी खाली धरून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळातून ठिबकेल.

राउटरच्या पानावर वॅन पोर्टचा वेग बघा. गिगाबिट (१०००) पोर्टवर १०० दिसत असेल तर आठपैकी एखादी तार गेली आहे, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोन पुरतात. १०० आणि १० मध्ये हेलकावे खात असेल तर पिन किंवा केबल बदला.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग काढा आणि गच्चीवरून आलेली केबलही काढा. नुसता प्लग काढून वॅन पोर्ट वाचत नाही.

या रचनेतला एक विचित्र दोष ओळखायला शिका. इमारतीतल्या कुणीतरी नवा राउटर घेतला आणि गच्चीवरून आलेली वायर वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावली, की त्यांचा राउटर सगळ्या इमारतीला आयपी, म्हणजे नेटवरचे पत्ते, वाटायला लागतो. तुमच्याकडे सेशन लॉगिनचं नसून आपोआप आयपी घेणारं असेल तर नेट कधी चालतं, कधी नाही. चालू असताना वॅनचा आयपी लिहून ठेवा. बंद पडल्यावर १० किंवा १०० नं सुरू होणाऱ्या पत्त्याऐवजी १९२.१६८.०.१०५ असलं काही दिसलं, तर तो शेजारच्या राउटरनं दिलेला आहे. केबलवाल्याला हा आकडा दाखवला की तो स्विचवर ते पोर्ट शोधू शकतो.

लिंक शाबूत, सेशन तुटतंय

युजरनेम-पासवर्डचं कनेक्शन असेल तर ते पीपीपीओई. आधी सेटिंग बघा: 'कनेक्ट ऑन डिमांड' चालू असेल आणि समोर १५ मिनिटं लिहिलेली असतील, तर कुणी काही वापरत नसताना राउटर स्वतःच नेट सोडतो. तिथे 'ऑटोमॅटिक' करा. फॅक्टरी रीसेटनंतर हे सेटिंग नकळत परत येतं.

राउटर झटक्यात बंद झाला तर कंपनीच्या सर्व्हरला ते कळत नाही. तुमचं जुनं सेशन तिथे जिवंत राहतं आणि नवं लॉगिन नाकारलं जातं. पासवर्ड चुकलाय असं वाटून लोक तो पुन्हा पुन्हा टाइप करतात. पाच-दहा मिनिटं थांबा. मुद्दाम तोडायचं असेल तर पानावरचं 'डिस्कनेक्ट' दाबा, त्यानं सर्व्हरला निरोप जातो.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण आत काही चालत नाही, अशी लक्षणं असतील तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पुडक्याचा कमाल आकार, तपासा. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ हवा. पिंगला 'वजा एफ, वजा एल १४६४' (ping -f -l 1464) लावून १.१.१.१ वर पाठवा. १४६४ आणि पुडक्यावरच्या पत्ता-माहितीचे २८ बाइट मिळून १४९२ होतात. उत्तर आलं नाही तर ८-८ नं कमी करत जा, जिथे उत्तर येतं त्यात २८ मिळवून तो आकडा राउटरमध्ये भरा.

लॉगिन नसलेल्या कनेक्शनवर नेट ठरावीक अंतरानं, समजा दर अर्ध्या तासानं जात असेल तर घड्याळ लावून मोजा. आयपी भाड्यानं मिळतो आणि निम्मी मुदत संपली की राउटर नूतनीकरण मागतो. तासाची मुदत असेल तर तीस मिनिटांनी. ओएनटी आणि राउटर दोघंही १९२.१६८.१ च्याच पट्ट्यात असतील तर तोही गोंधळ घालतो. राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.५० करा.

तिन्ही घड्याळं चालू, तरी आवाज तुटतो

बहुतेक वेळा अपलोड भरलेलं असतं. घरातला एखादा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेतो, रांग तुंबते, आणि १० मिलिसेकंदांचं पिंग ५०० वर जातं. पिंगची खिडकी उघडी ठेवून एक मोठा व्हिडिओ अपलोड करा, लगेच दिसेल. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारं सेटिंग) असेल तर अपलोड आणि डाउनलोड दोन्हींची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा.

८.८.८.८ ला उत्तर येतंय पण साइटच्या नावाला नाही, तर डीएनएस. राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

दोन लाइनी असतील तर

छोट्या ऑफिसांत दोन कंपन्यांची नेट घेऊनही काम थांबतं, आणि कारण ठरलेलं असतं. राउटर पहिली लाइन जिवंत आहे का हे गेटवेला, म्हणजे राउटरच्या पुढच्या पहिल्या टप्प्याला, पिंग करून ठरवतो. पण गेटवे म्हणजे टेबलावरचाच ओएनटी. रस्त्यावर फायबर तुटली तरी तो उत्तर देत राहतो आणि राउटर दुसऱ्या लाइनवर जातच नाही. तपासणीसाठी बाहेरचे दोन पत्ते द्या, दर ५ सेकंदांनी एक पिंग, सलग चार चुकले आणि तेही दोन्हींचे, तरच लाइन मेली समजायची. परत येताना घाई नको. पहिली लाइन सलग दोन मिनिटं नीट राहिली की मग उलट फिरायचं, नाहीतर दर मिनिटाला इकडून तिकडे होऊन सगळे कॉल तुटतात. शिवाय दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतात का ते खाली उतरून बघा.

तक्रार लिहिताना

'नेट स्लो आहे' असं लिहू नका. असं लिहा: 'तारीख अमुक, रात्री ९:४२ ते ९:४७. ओएनटी ११ दिवस चालू, पॉन लिंक तुटली. आरएक्स पॉवर उणे २६.८, त्याच मजल्यावर दुसऱ्याचा उणे २०.१. पाच दिवसांत नऊ वेळा.' स्क्रीनशॉट जोडा. तक्रार नोंदवल्यावर डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) मिळालाच पाहिजे, तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. तिथे डॉकेट क्रमांक मागतात.

दुरुस्ती झाल्यावर माणूस दारात उभा असतानाच ओएनटीचं पान पुन्हा उघडा. आकडा उणे २६ वरून उणे २० वर आला असेल तर तारीख आणि आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून डब्यावर चिकटवा. तेवढाच राहिला असेल तर त्याला सांगा, काम अजून बाकी आहे.